भूमध्य समुद्रातली क्रूझ: कुठली बंदरं धरावीत, कुठली सोडावीत?

शमी_ठाणे

नमस्कार मंडळी. पुढच्या सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन भूमध्य समुद्रातल्या क्रूझला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, कॉलेजात जाणारी लेक आणि ते दोघं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर आरामात चालतात, पण चढ आणि पायऱ्या नकोत. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही.

दोन मार्ग समोर आहेत. पश्चिमेकडचा: बार्सिलोना, मार्सेलिस, जेनोआ, रोम, नेपल्स, माल्टा. पूर्वेकडचा: अथेन्स, सँटोरिनी, कुशादासी, डुब्रोव्निक, कोटोर. कंपनीच्या पत्रकात सगळीच शहरं देखणी दिसतात. ज्यांनी स्वतः पाहिलीत त्यांच्याकडून ऐकायचंय. जेमतेम एका दिवसात तिथे काय बघून होतं?

हर्णैकर

शमीताई, पत्रकात ‘रोम’ छापलेलं असतं, पण जहाज रोमला लागत नाही. ते लागतं चिवितावेक्किया नावाच्या बंदराला, आणि तिथून रोम ऐंशीएक किलोमीटर आत आहे. ‘फ्लॉरेन्स’ लिहिलं असेल तर बंदर असतं लिव्होर्नो, तिथून फ्लॉरेन्स नव्वदेक किलोमीटर. म्हणून मार्ग निवडताना शहराच्या नावावर जाऊ नका, जहाजाची शिडी नेमकी कुठे टेकते ते आधी बघा.

हिशेब करा. जहाज सकाळी सातला लागलं तरी उतरून बाहेर पडेपर्यंत आठ. बंदराच्या बसने स्टेशनच्या बाजूला जायचं, गाडी पकडायची, रोममध्ये पोचेस्तोवर साडेनऊ-दहा. संध्याकाळी सातला जहाज सुटणार म्हणजे सहा-साडेसहाच्या आत तुम्ही वर हवेत, त्यामुळे तीन-साडेतीनला परतीची गाडी. हातात उरतात पाच तास. एवढ्यात कलोसियम किंवा व्हॅटिकन यांपैकी एकच काहीतरी, तेही घड्याळाकडे बघत. आई-बाबांना घेऊन ही धावपळ करू नये असं मला मनापासून वाटतं.

याउलट काही शहरं बंदराभोवतीच वाढली. त्यांचं तोंडच समुद्राकडे आहे आणि ती पाण्यावरून येणाऱ्यालाच पुरती दिसतात.

माझ्या मते त्यात पहिला मान माल्टाची राजधानी व्हॅलेटाचा. १५६५ मध्ये ऑटोमन आरमाराने माल्टाला वेढा घातला. तो उठल्यावर तिथे राज्य करणाऱ्या सेंट जॉन पंथाच्या सरदारांनी १५६६ मध्ये या शहराचा पाया रचला, तोही अशा बेताने की समुद्रावरून येणाऱ्याला समोर फक्त तटबंदी दिसावी. तुमचं जहाज ग्रँड हार्बरमध्ये पहाटे शिरत असेल तर गजर लावून उठा आणि वरच्या डेकवर जा. दोन्ही हातांना बुरूज सरकत येतात, पिवळट चुनखडीवर पहिलं ऊन पडतं आणि एवढं मोठं जहाज अगदी हळू वळत धक्क्याला लागतं. आम्ही उभे होतो तिथे शंभरएक माणसं असतील, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

बाबांसाठी चांगली गोष्ट म्हणजे धक्क्यापासून थोडं चाललं की लिफ्ट आहे. ती अठ्ठावन्न मीटर उंच आहे आणि थेट वरच्या बराक्का बागेत नेऊन सोडते. बागेच्या कठड्याखाली तोफांची रांग आहे, तिथे दुपारी बारा आणि चार वाजता सलामीची तोफ उडते. तिथून मुख्य रस्त्याने सेंट जॉनच्या को-कॅथीड्रलपर्यंत जा. बाहेरून अगदी साधं देऊळ, आत भिंतभर सोन्याचं कोरीवकाम. पायाखाली सरदारांच्या थडग्यांच्या रंगीत संगमरवरी शिळा. आतल्या दालनात काराव्हाज्जोचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, १६०८ सालचं. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही आहे ती जमिनीवर सांडलेल्या रक्तातून काढलेली. चित्र भलंमोठं आहे, त्यामुळे आधी लांब उभं राहून बघा आणि मग जवळ जाऊन ती सही शोधा. रविवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत, तेवढा वार बघून घ्या.

नंतर जेनोआ. या शहराला लोक उगाच कमी लेखतात आणि जहाजावरून परस्पर पोर्टोफिनोला जातात. जुनं गाव बंदरापासून चालत गाठता येतं. व्हिया गारिबाल्दीवरचे जुने महाल जागतिक वारशात आहेत. सान लोरेन्झो कॅथीड्रलमध्ये १९४१ च्या ब्रिटिश माऱ्यात आत आलेला पण न फुटलेला तोफगोळा ठेवलेला आहे, तो बघाच. इथेही चढ टाळायची सोय आहे: कास्तेल्लेत्तोची सार्वजनिक लिफ्ट. वर गेलं की सगळी स्लेटची छपरं, चर्चचे मनोरे आणि पलीकडे धक्क्याला लागलेलं आपलं जहाज.

नेपल्सबद्दल मी लिहीत नाही, इथे जाणकार आहेत.

सदाफुली

हर्णैकर, माहिती छान, पण एक मुद्दा पटला नाही. आई-बाबा पहिल्यांदा युरोपला जातायत. परत कधी जाणं होईल सांगता येत नाही. रोमच्या दारात जाऊन रोम न बघता परतायचं? माझ्या सासूबाईंनी सेंट पीटर्सच्या चौकात अर्धा तास नुसतं बसून काढला आणि आजही त्या दिवसाबद्दल बोलतात. पाच तास तर पाच तास. चिवितावेक्कियाहून काही गाड्या व्हॅटिकनजवळच्या सान पिएत्रो स्टेशनला थांबतात. तिथे उतरलं तर चौकापर्यंत चालत जाता येतं, शहर ओलांडावं लागत नाही.

हर्णैकर

सदाफुलीताई, तुमच्या सासूबाईंचा आनंद मोलाचा आहे आणि रोम सोडा असं मी म्हणतच नाही. रोमला क्रूझच्या आधी जा. बऱ्याच क्रूझ चिवितावेक्कियाहूनच सुरू होतात. तीन रात्री रोममध्ये राहा, विमानाचा शीण घालवा, सकाळच्या उन्हात कलोसियम बघा आणि मग सामान घेऊन जहाजावर चढा. बार्सिलोनाहून सुरू होत असेल तर हेच तिथे करा. साग्रादा फामिलिया या चर्चचं काम १८८२ ला सुरू झालं आणि त्याचा वास्तुकार गाउदी १९२६ मध्ये गेला तेव्हा थोडाच भाग उभा होता. त्या खांबांच्या रानात दुपारनंतर पश्चिमेच्या काचांमधून लाल-नारिंगी उजेड उतरतो. ते जहाजाची वेळ सांभाळत बघायची गोष्ट नव्हे. तिकीट ठराविक वेळेचं असतं, घरूनच काढून ठेवा.

पाटणकर७७

+१. शिवाय जहाजाच्या आदल्या दिवशी पोचणं केव्हाही बरं. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

कंदी_पेढा

शमीताई, आईंच्या जेवणाबद्दल लिहिते, कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि या किनाऱ्यावर माझे कधी हाल झाले नाहीत. जहाजावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला गाठून सांगायचं: मांस, मासे, अंडं नको. दुसऱ्या दिवसापासून ते आदल्या रात्रीच पुढचा मेनू दाखवतात आणि बऱ्याच जहाजांवर भारतीय आचारीही असतात.

पण जहाजावर खाऊन पोट भरू नका, कारण हा सगळा किनारा हरभऱ्याच्या पिठावर जगतो! जेनोआत फारिनाता मिळते. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस. मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, वरून काळी मिरी. आपल्या जाडसर धिरड्याची आठवण येते, फक्त तेलाचा वास वेगळा. नीसला याच पदार्थाला सोका म्हणतात. मार्सेलिसला पानीस: पीठ शिजवून, थापून, काप तळतात. लिव्होर्नोत तो पावात घालून देतात. पालेर्मोत पानेल्ले, तेही पावात, वर लिंबू पिळून. एका क्रूझमध्ये चार बंदरांत चार तऱ्हा खाऊन झाल्या आणि माझ्या आईने घरी येऊन ओव्हनमध्ये फारिनाता करायला सुरुवात केली.

नेपल्सला पिझ्झा मारिनारा मागवा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज नाहीच. चीजचं मुद्दाम सांगते कारण पार्मेजान चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं, आणि जेनोआच्या पेस्टो चटणीत पार्मेजान असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पेस्टो टाळावा. माल्टात पास्तित्सी खा, वाटाण्याचं सारण असलेली. पारीत चरबी घातलेली नाही ना, एवढं विचारून घ्या.

गोदातीर

धाग्यात मार्सेलिस बाजूला पडलंय म्हणून लिहितो. नाशिकचा माणूस असल्याने माझ्यासाठी हे शहर त्या एका सकाळीचं आहे. ८ जुलै १९१०. सावरकरांना खटल्यासाठी लंडनहून हिंदुस्थानात नेणारी मोरिया बोट मार्सेलिसला थांबली होती. शौचकूपाच्या खिडकीतून त्यांनी समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, फ्रेंच भूमीवर धावले. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून परत इंग्रजांच्या हवाली केलं. परक्या भूमीवर आश्रयाला आलेल्या राजकीय कैद्याला असं परत देता येतं का, यावर फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला: सोपवण्यात अनियमितता झाली, पण ब्रिटनवर कैदी परत देण्याचं बंधन नाही.

शाळेत ही उडी आपण सगळ्यांनी वाचलेली असते. प्रत्यक्ष तिथे उभं राहिल्यावर मला जाणवली ती बंदराची लांबी. जुन्या बंदरापासून उत्तरेला धक्क्यामागून धक्के, मैलोगणती काँक्रीट. त्यावर भिजलेल्या अंगाने, कुठे जायचं ते ठाऊक नसताना, भाषा येत नसताना पळायचं. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

शहर म्हणूनही ते उत्तम आहे. क्रूझची जहाजं जुन्या बंदराला लागत नाहीत, बरीच उत्तरेला लागतात, तेव्हा शटल बस घ्यावी लागते. जुन्या बंदराच्या काठावर सकाळी मासळीबाजार भरतो आणि सगळा काठ सपाट आहे, बाबांना चालेल. टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्दला बस जाते, पण शेवटी पायऱ्या आहेत. बाबांनी त्याऐवजी बंदराच्या तोंडाशी म्युसेमला जावं. २०१३ मध्ये उघडलेलं संग्रहालय, भोवती काळ्या काँक्रीटची जाळी, तिच्यातून आत पडणारं ऊन आणि पलीकडे समुद्र.

हातात वेळ आणि टॅक्सी असेल तर शहराच्या दक्षिणेला माझार्ग युद्ध दफनभूमी आहे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर निघालेले भारतीय सैनिक १९१४ च्या सप्टेंबरात याच बंदरात उतरले. तिथल्या दगडांवर आपल्याकडची नावं वाचताना पाय निघत नाही.

वाऱ्याचं लक्षात ठेवा. मिस्त्राल सुटला की आकाश स्वच्छ निळं असतं आणि माणूस थंडीने कुडकुडतो. सप्टेंबर असला तरी एक जाकीट जवळ असू द्या.

नीलसागर

मी पूर्वेच्या मार्गाच्या बाजूने बोलणार आहे, निदान अर्ध्या मार्गाच्या तरी.

कोटोर. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण जहाज कोटोरच्या आखातात शिरताना झोपू नका. उघड्या समुद्रातून आत वळलं की डोंगर जवळ येऊ लागतात. व्हेरिगेच्या खिंडीत पाण्याची रुंदी साडेतीनशे मीटरसुद्धा नाही आणि त्यातून तुमचं बारा-पंधरा मजली जहाज जातं. काठावरच्या घरांच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसतात. मग पेरास्त गाव आणि त्यासमोर पाण्यात दोन चिमुकली बेटं. त्यातलं चर्चचं बेट माणसांनी दगड टाकून टाकून तयार केलंय. शेवटी उभ्या कड्याखाली कोटोर. धक्क्यावर उतरलात की रस्त्यापलीकडे वेस. आतलं जुनं गाव सपाट, गाड्यांना बंदी, चौकाचौकात मांजरं. किल्ल्यावर जायला तेराशेहून जास्त पायऱ्या आहेत, तिथे लेकीला पाठवा. बाबांनी खाली चौकात कॉफी घ्यावी.

डुब्रोव्निकमध्ये जहाज ग्रूझ बंदरात लागतं, जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटर. तटावरून फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची आणि चढ-उतार भरपूर, त्यामुळे बाबांना नको. पण खालचा स्त्राडुन हा मुख्य रस्ता सपाट आहे, पावलांनी झिजून चकचकीत झालेला. वरून छपरांकडे बघितलंत तर काही कौलं जुनी फिक्या रंगाची, बरीचशी नवी लालभडक. १९९१-९२ च्या वेढ्यात तोफांनी जी फुटली ती नव्याने बसवली आहेत. इतक्या देखण्या शहरावर इतक्या अलीकडे तोफा डागल्या गेल्या हे ती कौलं बघूनच कळतं. स्र्ज टेकडीवर केबल कार जाते. गर्दी फार झाली म्हणून शहराने एका वेळी येणाऱ्या क्रूझ जहाजांवर मर्यादा घातली आहे, आणि ते योग्यच केलं.

सँटोरिनीबाबत मात्र तुमच्या घरच्यांसाठी मी नाही म्हणेन. ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात जहाज उभं राहतं, ते दृश्य अद्भुत आहे, वादच नाही. पण धक्का नाही. छोट्या बोटीने काठाला जायचं, मग वरच्या ‘फिरा’ या गावापर्यंत चढायला केबल कार. तीन-चार जहाजं एकाच दिवशी आली की केबल कारला तास-तास रांग, तीही उन्हात. दुसरा मार्ग पाचशे ऐंशीहून जास्त पायऱ्यांचा. तिसरा गाढवावरून. तो कृपा करून कुणीही घेऊ नका, त्या जनावरांचे उन्हात काय हाल होतात ते बघवत नाही. शिवाय वारा वाढला तर छोट्या बोटी बंद होतात आणि बंदर रद्द होतं. २०२५ च्या जुलैपासून ग्रीसने क्रूझच्या प्रवाशांवर कर बसवलाय. सँटोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात तो माणशी वीस युरो आहे, आणि सप्टेंबर हंगामातच धरतात.

सदाफुली

नीलसागर, कोटोरचं वर्णन वाचून नवऱ्याला फोन केला. वाचनखूण साठवली आहे.

व्हिसावाली

कोरडी पण गरजेची माहिती. पश्चिमेचा मार्ग सगळा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, माल्टासकट. पूर्वेला कुशादासी म्हणजे तुर्कस्तान आणि कोटोर म्हणजे मॉन्टेनेग्रो, दोन्ही शेंगेनबाहेर. तिथून परत ग्रीस किंवा क्रोएशियात शिरायचं तर शेंगेन व्हिसा बहुप्रवेशाचाच हवा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, जुने लेख वाचून गोंधळू नका. वैध शेंगेन व्हिसा असेल तर मॉन्टेनेग्रोला वेगळा लागत नाही आणि तुर्कस्तानचा ई-व्हिसा काढता येतो.

अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे करा. दिवस सारखे असतील तर पहिला प्रवेश जिथे, तिथे. हर्णैकर म्हणतात तसं रोमला तीन रात्री राहिलात तर हा प्रश्न इटलीच्या बाजूने आपोआप सुटतो. विमा किमान तीस हजार युरोंचा. काही जहाजांवर पासपोर्ट ठेवून घेतात, म्हणून फोटोप्रती प्रत्येकाच्या खिशात असू द्या.

तगरवासी

नेपल्सबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझं गाव तेर, धाराशिव जिल्ह्यातलं. जुनं नाव तगर.

नेपल्सला जहाज शहराच्या मधोमध लागतं. समोर कास्तेल न्वोव्हो किल्ला, शेजारी म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन. ते स्टेशन खोदताना रोमन काळातलं बंदर आणि बुडालेल्या होड्या सापडल्या. म्हणजे तुम्ही उतरता त्याच जागी दोन हजार वर्षांपासून माणसं उतरतायत. सगळे इथून ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईला जातात. गावाचे अवशेष मोठे आहेत, रस्ते ओबडधोबड दगडांचे, बाबांना त्रास होईल. त्याऐवजी मेट्रोने म्युझेओ स्टेशनला जा. पाँपेईत सापडलेलं सर्वोत्तम ते पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

तिथे एक हस्तिदंती मूर्ती आहे, वीतभर उंचीपेक्षा थोडी जास्त. १९३८ मध्ये पाँपेईतल्या एका घरात सापडली. स्त्री, पायांशी दोन छोट्या परिचारिका, हातापायांत कोपरा-गुडघ्यापर्यंत कडी, कमरेला मेखला. तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणतात, जरी बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. ज्वालामुखी फुटला इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे त्याआधीच ती तिथे पोचली होती. अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती आमच्या तेरला सापडली आहे आणि भोकरदनच्या उत्खननातही तसा तुकडा मिळालाय. त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातूनच गेली असावी, असं मानणारे अभ्यासक आहेत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या ग्रीक पुस्तकात पैठण आणि तगरहून गाड्या भरून माल भडोचच्या बंदराला जातो असं लिहिलंय. उलट दिशेने आलेलं बघायचं तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जा, तिथे ब्रह्मपुरीत सापडलेला समुद्रदेव पोसायडनचा ब्राँझचा पुतळा आहे.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात मी लहानपणापासून जातोय. नेपल्सच्या त्या कपाटासमोर उभा राहिलो तेव्हा मूर्तीच्या पायातली कडी ओळखीची वाटली आणि डोळे भरून आले.

शमी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, मार्सेलिस आणि त्या मूर्तीनंतर त्यांनी दुसरं काही ऐकूनच घेतलं नाही. पश्चिमेचा मार्ग नक्की, आधी रोमला तीन रात्री. कोटोर मी आणि लेक नंतर कधीतरी करू.

तगरवासी, एक शंका: ती मूर्ती संग्रहालयात नेमकी कुठे आहे? आणि पाच जण एका दिवसात मूर्ती, पिझ्झा आणि जुनं गाव एवढं करू शकतो का?

तगरवासी

आरामात होतं, पाँपेई धरलं नाही तर. सकाळी संग्रहालय, गर्दी व्हायच्या आत. मूर्ती ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’ या वेगळ्या दालनात असते. तिथे पाँपेईतली शृंगारिक चित्रं आणि शिल्पंही आहेत, आई-बाबांना आधी कल्पना द्या. कधीकधी वस्तू दुसऱ्या प्रदर्शनाला गेलेल्या असतात, म्हणून तिकीट काढतानाच खिडकीवर विचारा. संग्रहालयापासून खाली जुन्या गावात उतारच आहे. स्पाक्कानापोलीच्या अरुंद रस्त्याने चालत, वाटेत पिझ्झा खाऊन, टॅक्सीने बंदरावर या. खिशात रोख युरो ठेवा, पाकीट पुढच्या खिशात.

आणि आरक्षण करण्याआधी जहाज नेपल्सला कुठल्या वारी लागतंय ते बघा. संग्रहालय मंगळवारी बंद असतं.